प्राणवायू उणा पडतो तेव्हा

अन्न, पाणी आणि हवा या तीन गोष्टींवर मनुष्याचे जीवन अवलंबून आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु या तिन्ही गोष्टींची निकड सारखी नाही. अन्नावाचून मनुष्य काही आठवडे तग धरू शकतो. पाण्यावाचून तो फार तर काही दिवस काढतो. हवेवाचून मात्र त्याच्या हाती मोजकी मिनिटेच असतात.

या तिहींत आणखी एक भेद आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भूक लागली म्हणजे पोटात कावळे ओरडू लागतात. तहान लागली म्हणजे घसा कोरडा पडतो. शरीर आपली गरज स्वतःच सांगते. हवेतील प्राणवायू कमी झाला, तर शरीर असेच, किंबहुना याहून मोठ्याने ओरडून सांगेल, असे आपण समजतो. पण ही समजूत खरी नाही. प्राणवायूची उणीव कित्येकदा मुकाट्याने येते, आणि ज्याच्यावर ती ओढवते त्यालाच तिची जाणीव होत नाही. असे का होते आणि अशा वेळी काय केले पाहिजे, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. कारण या ज्ञानावर कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

प्रथम शरीराचा नित्याचा व्यवहार पाहू. आपल्या भोवतीच्या हवेत शंभर भागांपैकी सुमारे 21 भाग प्राणवायू असतो. श्वासाबरोबर ही हवा फुप्फुसांत शिरते. फुप्फुसे म्हणजे दोन पोकळ पिशव्या नव्हेत. त्यांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. तेथे प्राणवायू रक्तात उतरतो. रक्तातील तांबड्या पेशींत हीमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते हा प्राणवायू उचलून घेते आणि हृदय ते रक्त शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवते. पेशींमध्ये अन्नाचे जणू मंद ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते, ती याच प्राणवायूच्या साहाय्याने. त्या ज्वलनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हा टाकाऊ वायू उलट वाटेने फुप्फुसांत येतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतो.

शेतकरी धान्य कणगीत साठवतो. शरीरही जास्तीचे अन्न चरबीच्या रूपाने साठवून ठेवते. प्राणवायूची कणगी मात्र शरीरापाशी नाही. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य दर मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू खर्च करतो. आणि फुप्फुसांतील हवा व रक्त यांत मिळून त्याचा साठा दीड लिटरच्या आतबाहेरच असतो. म्हणजे या बाबतीत शरीराचे अगदी हातावर पोट आहे. दर श्वासाला मिळवावे आणि लगेच खर्चावे, असा हा संसार.

या संसारात सर्वांत खर्चिक घटक म्हणजे मेंदू. त्याचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू तो एकटा घेतो. मेंदूकडे जाणारे रक्त थांबले, तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. रक्तप्रवाह चालू असून त्यातील प्राणवायूच हळूहळू कमी होत गेला, तर प्रथम विचार मंदावतो, मग हातपाय जुमानीनासे होतात आणि शेवटी मनुष्य बेशुद्ध पडतो. यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की धोका ओळखण्याचे काम ज्या मेंदूने करावयाचे, तोच मेंदू या संकटात सर्वांआधी सापडतो. घरात चोर शिरावा आणि पहारेकऱ्यालाच आधी गुंगी यावी, तशातला हा प्रकार आहे.

फ्रान्समध्ये 1875 साली घडलेल्या एका घटनेत या गोष्टीचा दारुण प्रत्यय आला. त्या काळी विमाने नव्हती. आकाशाचे संशोधन करावयाचे तर हवेहून हलक्या वायूने भरलेल्या बलूनमध्ये बसून वर जावे लागे. उंचावर हवा विरळ असते आणि तेथे मनुष्याला विकलता येते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पॉल बेर नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने या प्रश्नाचा छडा लावण्याचे ठरवले. आतील हवा हवी तेवढी विरळ करता येईल, असे एक भक्कम लोखंडी दालन त्याने पॅरिसमधील आपल्या प्रयोगशाळेत उभारले. त्यात प्राणी ठेवून, आणि पुढे स्वतः बसून, त्याने पुष्कळ प्रयोग केले. उंचावर जी विकलता येते, तिचे कारण हवेचा कमी झालेला दाब हे प्रत्यक्ष नसून त्या विरळ हवेतून मिळणारा अपुरा प्राणवायू हे आहे, असे त्याने दाखवून दिले. तेवढ्याच विरळ हवेत प्राणवायू हुंगला, की मंदावलेली नजर आणि बुद्धी पुन्हा तरतरीत होते, हा त्याचा स्वतःचा अनुभव होता.

जोसेफ क्रोसे-स्पिनेल्ली आणि तेओदोर सिव्हेल हे दोघे धाडसी बलूनवीर मार्च 1874 मध्ये बेरच्या त्या दालनात बसून आले. प्राणवायूचा गुण त्यांनी स्वतः अनुभवला. त्याच महिन्यात प्राणवायू बरोबर घेऊन ते बलूनमधून सुमारे 7300 मीटर उंचीपर्यंत गेले आणि सुखरूप परतले. या यशाने त्यांची उमेद वाढली. त्याहूनही वर जावयाचे, असा बेत पुढच्या वर्षी ठरला. या वेळी गास्तों तिसांदिए हा तिसरा सोबती त्यांना मिळाला. तोही अनुभवी बलूनवीर असून विज्ञानविषयक नियतकालिकाचा संपादक होता. बलूनचे नाव होते ‘झेनिथ’, म्हणजे खमध्य. आपल्या डोक्यावरचा आकाशातील सर्वांत उंच बिंदू.

बेर त्या वेळी पॅरिसमध्ये नव्हता. आपला बेत आणि बरोबर नेण्याच्या प्राणवायूचे प्रमाण क्रोसे-स्पिनेल्लीने त्याला पत्राने कळवले. ते वाचताच बेरच्या लक्षात आले, की एवढ्या उंचीवर तिघांना हा प्राणवायू पुरणार नाही. त्याने उलटटपाली तसा इशारा धाडला. परंतु ते पत्र वेळेवर पोहोचले नाही. ‘झेनिथ’ आकाशात गेले होते.

तो दिवस होता 15 एप्रिल 1875. सकाळी साडेअकराच्या सुमारास बलून पॅरिसहून निघाले. दुपारी एक वाजता ते पाच हजार मीटरांच्या वर होते. तिघेही आनंदात होते. तापमान, दाब आणि हवेतील घटक यांच्या नोंदी चालू होत्या. प्राणवायूच्या पिशव्या डोक्यावर टांगलेल्या होत्या. साठा थोडा म्हणून तो जपून, अगदी गरज भासेल तेव्हाच वापरावयाचा, असा विचार होता. या विचारातच घात होता. कारण ती गरज भासणारच नव्हती.

सात हजार मीटरांवर क्रोसे-स्पिनेल्ली आणि सिव्हेल यांचे चेहरे फिके पडले; त्यांना ग्लानी येऊ लागली. तरी सिव्हेलने सोबत्यांना विचारले, की वजनासाठी घेतलेली वाळू पुष्कळ शिल्लक आहे, ती टाकू का? दोघांनीही रुकार दिला. सिव्हेलने चाकूने तीन पिशव्यांच्या दोऱ्या कापल्या. वाळू खाली सांडली आणि हलके झालेले बलून वेगाने वर चढू लागले. तिघांपैकी एकाच्याही मनात, आता पुरे, खाली उतरू या, असे आले नाही.

याचे कारण तिसांदिएने पुढे लिहून ठेवले. त्या उंचीवर शरीर आणि मन दोन्ही हळूहळू दुबळी होत जातात. पण ते आपल्याला कळत नाही. कोणतीही वेदना होत नाही. उलट एक प्रकारचा आनंद वाटतो, धोक्याचा विसर पडतो, आणि आपण वर वर चाललो आहोत याचेच सुख वाटत राहते, असे तो सांगतो. थोड्याच वेळात त्याला मान वळवणेही अशक्य झाले. प्राणवायूची नळी तोंडात धरावी असे त्याला वाटले, पण हात उचलेना. दाबमापकाचा काटा त्याला दिसत होता. आपण आठ हजार मीटरांवर आलो, असे ओरडून सांगावे असे त्याच्या मनात आले. पण जीभ हलेना. मग डोळे मिटले आणि त्याची शुद्ध गेली.

दोनच्या सुमारास तो क्षणभर भानावर आला. बलून खाली येत होते. थरथरत्या हाताने त्याने वहीत चार शब्द खरडले आणि तो पुन्हा बेशुद्ध झाला. मध्येच क्रोसे-स्पिनेल्लीला जाग आली. बलून वेगाने उतरत आहे असे पाहून त्याने काही जड वस्तू बाहेर फेकून दिल्या. बलून पुन्हा वर उचलले गेले. तीन वाजून गेल्यावर तिसांदिएने डोळे उघडले, तेव्हा बलून भयंकर वेगाने खाली येत होते. त्याने दोघा मित्रांना हाका मारल्या, त्यांना हलवून पाहिले. पण दोघेही कायमचे गेले होते. चारच्या सुमारास बलून मध्य फ्रान्समधील सिरों गावाजवळ जमिनीला टेकले. वर नेलेल्या मोहोरबंद दाबमापकांवरून त्यांनी सुमारे 8600 मीटर उंची गाठल्याचे आढळले. तिसांदिए वाचला, परंतु त्याची श्रवणशक्ती त्या प्रवासाने हिरावून नेली.

8600 मीटर उंचीवरही हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे 21 भागच असतात. पण तेथे एकंदर हवाच समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश दाबाची असते. म्हणून दर श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो. येथे कोणी विचारील, की राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोन गिर्यारोहक 1978 साली प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून एव्हरेस्टवर पोहोचले, ते कसे? ते काही आठवडे थोडे थोडे वर चढत गेले होते. तेवढ्या अवधीत शरीर विरळ हवेशी बरेचसे जुळवून घेते. ‘झेनिथ’मधील तिघे अवघ्या दोन तासांत तेथे पोहोचले, शरीराला सवय होण्यास सवडच मिळाली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यांना गुदमरल्यासारखे का वाटले नाही? आपण श्वास रोखून धरला, तर थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. ही कासाविशी मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. शरीराची धोक्याची घंटा या वायूच्या दोरीला बांधलेली आहे. विरळ हवेत श्वास चालूच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि त्यामुळे ती घंटा वाजत नाही. प्राणवायू मात्र कमी होत जातो. पाण्याखाली जास्त वेळ राहण्याची पैज लावणारी मुले बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतात, तेव्हा तीही नकळत हीच चूक करतात. तसे केल्याने प्राणवायूचा साठा विशेष वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. मग पाण्याखाली घंटा वाजण्याआधीच शुद्ध जाते, आणि पोहण्यात पटाईत असलेला मुलगाही बुडतो. अशी पैज कोणीही, कधीही लावू नये.

हे संकट पाहावयाला आकाशात जाण्याची गरज नाही. ते आपल्या पायाखालीही असते. महाराष्ट्रात धान्य व हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणण्याची जुनी रीत आहे. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो, तो याच पेवावरून. सांगलीजवळचे हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. त्यांतील पुष्कळ पेवांची 2005 च्या महापुरात हानी झाली. पेवाचे तोंड बंद केले, म्हणजे आतील माल आणि त्यातील कीड मिळून तेथला प्राणवायू संपवतात. कीड मरते आणि माल टिकतो. पण जी हवा किडीला मारते, ती मनुष्याला कशी तारील? म्हणून पेवाचे तोंड उघडून आत मोकळी हवा खेळल्याखेरीज जाणता मनुष्य त्यात उतरत नाही.

वापरात नसलेली जुनी विहीर, बंद टाकी, मैल्याची टाकी, भुयारी गटार या ठिकाणीही असाच धोका असतो. पालापाचोळा व घाण कुजताना प्राणवायू खर्च होतो. हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. गटारांत तर याहूनही विषारी वायू असतात. गाळ काढण्यासाठी एकजण खाली उतरतो आणि काही क्षणांतच कोसळतो. त्याला काढावयास भाऊ उतरतो, तोही पडतो. त्यांच्यासाठी शेजारी उतरतो. एका जिवाच्या ठिकाणी तीन-चार जीव जातात. अशा बातम्या आपण अनेकदा वाचतो. त्या माणसांचे धैर्य आणि माया यांविषयी शंका नाही. पण प्राणवायू नसलेल्या जागी धैर्य एक श्वासही पुरवू शकत नाही. भुयारी गटारात व मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांवाचून माणसाला सफाईसाठी उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे, तो याच कारणासाठी.

विहिरीत पेटता दिवा सोडून पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. दिवा विझला, तर खाली उतरू नये, हे खरे. परंतु दिवा जळत राहिला म्हणून जागा निर्धोक आहे, असे मात्र समजू नये; कारण विषारी वायू दिव्याला न विझवताही मनुष्याला मारू शकतो. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत तर दिवा मुळीच सोडू नये. तेथे पेट घेणारा वायू असतो आणि त्याचा भडका उडतो.

दुसरा एक शत्रू घरातच शिरतो. थंडीच्या रात्री दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपले, तर अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हीमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो आणि प्राणवायूला जागाच उरू देत नाही. झोपलेली माणसे झोपेतच जातात. विहिरीत उतरवलेल्या इंजिनाच्या धुरातही हाच वायू असतो.

रोगामुळेही प्राणवायू उणा पडतो. न्यूमोनियात वायुकोशांत स्राव साचतो. दम्याच्या झटक्यात श्वासनलिका आकसतात. 2020 आणि 2021 या वर्षांत करोनाच्या साथीने तर ही गोष्ट घरोघर पोहोचवली. कित्येक रुग्ण बसून बोलत असत, आपल्याला विशेष त्रास नाही असे सांगत, आणि त्याच वेळी त्यांच्या रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेलेला असे. त्यांच्या मूक शरीराला वाचा फोडली ती बोटाला लावण्याच्या एका लहानशा यंत्राने. त्याचे नाव ऑक्सिमीटर. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने 1974 साली त्याचे मूळ तत्त्व मांडले. प्राणवायूने भरलेले रक्त लालभडक असते आणि प्राणवायू गमावलेले रक्त काळपट असते. बोटातून प्रकाश पाठवून हा रंगभेद ते यंत्र मोजते. निरोगी मनुष्यात हा आकडा सामान्यतः 95 ते 100 असतो. तो 90 च्या खाली गेला, तर रुग्णाला बरे वाटत असले तरी क्षणाचाही विलंब न लावता वैद्यकीय मदत घेतली पाहिजे.

एप्रिल 2021 मध्ये रुग्णालयांना प्राणवायूची भीषण टंचाई भासली. त्या वेळी मुंबईजवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला नेण्यात आले आणि तेथील पोलाद कारखान्यातून प्राणवायू भरून ते नागपूर व नाशिक येथे आणले गेले. फुकट मिळते म्हणून आपण जिची कधी किंमत केली नाही, त्या हवेतील एका घटकासाठी आगगाड्या धावल्या.

असा प्रसंग समोर आला, तर काय करावे? प्रथम तो ओळखावा. ओठ व नखे निळसर किंवा राखी होणे, धाप लागणे, बोलताना वाक्य पुरे न करता येणे, अकारण गोंधळणे किंवा झोपाळू होणे, ही लक्षणे आहेत. काळ्यासावळ्या वर्णावर निळसरपणा लवकर दिसत नाही. म्हणून ओठांची आतली बाजू आणि जीभ पाहावी. यांतील काहीही दिसले, तर 108 किंवा 112 या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

विहिरीत किंवा टाकीत कोणी कोसळला असेल, तर त्याच्यामागून उतरू नये. मोठ्याने ओरडून माणसे जमवावीत, अग्निशामक दलास बोलवावे. खालील मनुष्य शुद्धीवर असल्यास दोर सोडावा. बुडणाऱ्याला काठी, दोर, रिकामा बंद डबा, जे हाती लागेल ते काठावरून द्यावे. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल, तर पाणी काढण्यासाठी त्याला उलटे टांगणे किंवा त्याचे पोट दाबणे यांत मोलाची मिनिटे दवडू नयेत. जाणकाराने तत्काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास देऊन छाती दाबण्यास आरंभ करावा. हा दाब छातीच्या मध्यभागी, मिनिटास 100 ते 120 या गतीने देतात. प्रथमोपचाराच्या वर्गात हे कौशल्य शिकवले जाते. ते प्रत्येकाने शिकून घ्यावे.

घास घशात अडकून कोणाचा श्वास कोंडला, तर त्याला जोराने खोकता येत असल्यास खोकू द्यावे. खोकता-बोलता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच वेळा थाप मारावी. एवढ्याने अडकलेली वस्तू निघाली नाही, तर त्याच्या पाठीमागे उभे राहून, बेंबीच्या थोडे वर मूठ ठेवून, आत व वर असा पाच वेळा हिसका द्यावा. वस्तू निघेपर्यंत हे दोन्ही आळीपाळीने करावे. वर्षाआतील अर्भकाच्या पोटावर मात्र असा दाब कधीही देऊ नये.

बेरचे पत्र वेळेवर पोहोचले असते, तर कदाचित ते दोन तरुण जगले असते. त्या पत्रात लांबलचक सिद्धांत नव्हता; हा प्राणवायू पुरणार नाही, एवढीच गोष्ट होती. प्राणवायू संपू लागल्यावर ती स्वतःला सुचणे शक्य नव्हते. पेवाच्या तोंडाशी, विहिरीच्या काठावर, रुग्णाच्या उशाशी जो उभा असतो, त्याची बुद्धी शाबूत असते. ज्याला स्वतःचे संकट कळत नाही, त्याचे संकट जाणणे हे त्या काठावरच्या माणसाचे काम आहे. त्यासाठी हे ज्ञान त्याच्यापाशी आधीच असले पाहिजे. इशाऱ्याचे पत्र वेळेवर हाती पडले, तरच त्याचा उपयोग.

अभ्यास

1. ‘प्राणवायूच्या बाबतीत शरीराचे हातावर पोट आहे’, असे लेखकाने का म्हटले आहे?
2. प्राणवायू जवळ असूनही ‘झेनिथ’मधील बलूनवीरांना त्याचा उपयोग का झाला नाही?
3. कारणे द्या : (अ) बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेणे घातक आहे. (आ) विहिरीत दिवा जळत राहिला, तरी ती निर्धोक समजू नये.
4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पोटात कावळे ओरडणे, वाचा फोडणे, छडा लावणे, पेव फुटणे.
5. विहिरीत कोसळलेल्या मनुष्याला काठावरील लोकांनी कशी मदत करावी, हे आठ-दहा ओळींत लिहा.
6. बेरचे पत्र क्रोसे-स्पिनेल्लीला वेळेवर मिळाले, अशी कल्पना करून पुढील प्रसंग आपल्या शब्दांत लिहा.